बाळाची पेज आणि आईचे दिवस

‘बोंडल्याने दूध पाजणे’ हा वाक्प्रचार अजून आपल्या बोलण्यात आहे. बोंडले मात्र घरातून केव्हाच गेले. ज्याला स्वतःच्या बुद्धीने काही करवत नाही त्याला आपण बोंडल्याने दूध पिणारा म्हणतो, पण ते भांडे हातात धरून पाहिलेली मंडळी आज या मंडपात थोडीच असतील. पितळेची नाहीतर चांदीची, मुठीत मावेल एवढी वाटी, आणि तिच्या एका अंगाला चोचीसारखी निमुळती पन्हळ. मांडीवर आडवे घेतलेल्या मुलाच्या ओठाला ती चोच टेकवायची आणि थेंब थेंब दूध सोडायचे. वाटीत बोटे नीट जातात, त्यामुळे ती राखेने लख्ख घासता येते, उकळत्या पाण्यात टाकता येते. एकोणिसाव्या शतकात विलायतेत लांब रबरी नळी जोडलेल्या काचेच्या बाटल्या निघाल्या होत्या. मूल पाळण्यात एकटे पडून नळी चोखीत राही आणि आई कामाला मोकळी होई. त्या नळीच्या आत कुंचला पोचत नसे. दूध आत नासून राही. त्या पायी इतकी मुले दगावली की लोक त्यांना खुनी बाटल्या म्हणू लागले. १९१० साली फ्रान्सने कायदा करून त्या बंद केल्या. आमचे बोंडले त्या मानाने फार शहाणे भांडे म्हणायचे.

परंतु त्या शहाण्या भांड्याची एक अट होती. कोणीतरी मांडी घालून, अर्धा-पाऊण तास, दुसरे काही न करता बसले पाहिजे. बाटलीने ही अट काढून टाकली आणि बाटली जिंकली. मुलाच्या तोंडी काय घालावे याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. ते घालायला आईपाशी वेळ किती होता, हा इतिहास मात्र स्वयंपाकाच्या पुस्तकात सापडत नाही. तो कारखान्यांच्या अहवालांत आणि कायदेमंडळाच्या कामकाजात शोधावा लागतो. आज आम्ही या दोन्ही गोष्टी एकत्र मांडणार आहोत.

आरंभ जुन्या ग्रंथांपासून करू, कारण आपल्याकडे त्यांचे नाव घेतल्याशिवाय सभेचे समाधान होत नाही. मनुस्मृती चौथ्या महिन्यात मुलाला घराबाहेर काढावयास सांगते आणि सहाव्या महिन्यात अन्न देण्यास. सुश्रुतही सहाव्या महिन्यातच हलके व हितकर अन्न द्यावे म्हणतो. जागतिक आरोग्य संघटना अनेक वर्षे चार ते सहा महिने असे मोघम सांगत होती. २००१ साली तिने पहिले पूर्ण सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, असे ठरविले. हे वाचून छाती फुगवून घेण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण तोच सुश्रुत जन्मल्या मुलाला पहिले तीन दिवस औषधी घातलेले मधतूप चाटवावयास सांगतो आणि आईचे दूध त्यानंतर. म्हणजे पहिल्या दिवसांतला पिवळसर चीक मुलाच्या वाट्याला येतच नाही. रोगाशी झुंजण्याचे बळ त्या चिकातच असते, हे आता सर्वांस ठाऊक आहे. मधाबद्दलही तसेच. मधात सुप्त असणाऱ्या एका जंतूमुळे तान्ह्या मुलांना लुळे पाडणारा आजार होऊ शकतो, हे १९७६ साली ओळखले गेले. तेव्हापासून वर्षाच्या आत मध नको असे डॉक्टर सांगतात.

चिकाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो. गाय व्याली की आपल्या खेड्यांत तिच्या चिकाचा खरवस करतात, शेजारीपाजारी वाटतात, आणि वासराचे पोट आधी भरू दे म्हणून म्हातारी माणसे दटावतात. आणि त्याच घरात सून बाळंत झाली की तिचा चीक ‘जड’, ‘नासका’ म्हणून पिळून टाकलेला आम्ही ऐकला आहे. वासराला जे कळत होते ते माणसाला कळायला फार दिवस लागले. आजही ते सगळीकडे कळले आहे असे नाही.

बाळगुटीविषयी दोन शब्द. सहाणेवर आईच्या दुधात वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, अतिविष, ज्येष्ठमध, बदाम, खारीक अशा जिनसा उगाळावयाच्या; कशाचे किती वेढे हे मुलाच्या महिन्यांवर, त्याच्या शौचावर आणि आजीच्या अंदाजावर ठरे. जायफळाचा एक वेढा जास्त पडला की मूल अधिक झोपते, हे प्रत्येक घराला ठाऊक होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे तिचा संबंध येणार आहे. आज डॉक्टर सहा महिनेपर्यंत गुटी नको म्हणतात, आणि सहाण व पाणी यांची स्वच्छता पाहता त्यांचे म्हणणे खरे आहे. पण गुटीच्या निमित्ताने घरातले एक जाणते माणूस रोज सकाळी मुलाला मांडीवर घेऊन त्याची जीभ, पोट, शी, अंगाची ऊब निरखीत असे, ते निरखणे गुटीबरोबर गेले याची आम्हांस हळहळ वाटते.

आता उष्टावणाकडे वळू. मुलाचे सम महिन्यात, मुलीचे विषम महिन्यात, मामाच्या मांडीवर बसवून खिरीचे बोट चाटवावयाचे, हा विधी. विधी एका दिवसाचा. खरे काम दुसऱ्या दिवसापासून. आपल्या घरांनी त्यासाठी जे पदार्थ केले ते साधे होते: भाताची पेज, मुगाच्या वरणावरचे पाणी, मऊ भात तुपात कालवून, आणि खिमट. तांदूळ व मुगाची डाळ धुऊन, वाळवून, भाजून जाडसर भरडायची, आणि हिंगजिऱ्याच्या वासावर भरपूर पाण्यात शिजवायची, की झाले खिमट. धान्य आणि डाळ एकत्र आणण्यातले शहाणपण आज कोणताही आहारशास्त्रज्ञ मान्य करील.

पण या सगळ्या पेजांत एक खोट आहे, आणि ती ज्याने मूल भरविले त्यालाच कळते. पीठ शिजले की फुगते. घट्ट ठेवावे तर मुलाच्या घशाखाली उतरत नाही. पातळ करावे तर वाटीभर पाण्यात चमचाभर पीठ. मुलाचे पोट ते केवढे! वाटी संपते, पोट टम्म होते, आणि अंगी मात्र काही लागत नाही. वरणाच्या पाण्यावर वाढविलेली कितीतरी मुले सहा महिन्यांनंतर सुकू लागत, त्यामागे अन्नाच्या तुटीइतकेच हे पाणी होते.

या खोटीवर आपल्या बायकांनी एक उपाय काढला होता. नाचणी रात्रभर भिजवायची, ओल्या फडक्यात घट्ट बांधून टांगायची, दीड-दोन दिवसांनी पांढरे मोड आले की सावलीत वाळवायची, हलकीशी भाजायची, जात्यावर दळून वस्त्रगाळ करायची. हे पीठ गार पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळीत शिजविले की फुगण्याऐवजी सैल पडते. मोड येताना धान्यात असे एक द्रव्य तयार होते जे पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर बनविते. म्हणून तेवढ्याच सैल पेजेत दुपटीहून अधिक पीठ मावते आणि ती गोडसरही लागते. हे द्रव्य फार उष्णतेने मरते, मध्यम उष्णतेवर भराभर काम करते. ‘गार पाण्यात कालव, आच मोठी करू नको’ हा आजीचा हुकूम म्हणजे रसायनशास्त्र होते. तिला त्याचे नाव ठाऊक नव्हते इतकेच.

येथे एक कबुली दिली पाहिजे. नाचणी भिजवून, वाटून, कापडातून पिळून, खाली बसलेला पांढरा साका वाळवायचा, यालाही आपण ‘सत्त्व’च म्हणतो, आणि आम्ही कित्येक वर्षे तेच अस्सल सत्त्व समजत होतो. पुढे लक्षात आले की साक्यात राहते ते बहुतेक निव्वळ पिष्ट. नाचणीची खरी दौलत, शंभर ग्रॅमला ३४४ मिलिग्रॅम चुना, जिथे सडलेल्या तांदळात तो जेमतेम १० असतो, ती पुष्कळशी चोथ्याबरोबर गाईच्या घमेल्यात जाते. नाव सत्त्वाचे आणि सत्त्व गाईला!

मोडांची हीच युक्ती युरोपात एका थोर रसायनशास्त्रज्ञाने स्वतंत्रपणे वापरली. १८६५ साली युस्टुस फॉन लीबिश याने तान्ह्या मुलांसाठी एक ‘सूप’ प्रसिद्ध केले: गव्हाचे पीठ, मोड आणून वाळवलेल्या धान्याचे पीठ, गाईचे दूध आणि थोडा क्षार. ज्या नातवंडांना आईचे दूध मिळत नव्हते त्यांच्यासाठी त्याने ते केले, असे सांगतात. कृती किचकट होती. घरी करणाऱ्याला कंटाळा येई. मग त्याची पूड बाजारात आली, आणि येथून घरची पेज दुकानात गेली. १८६७ साली स्वित्झर्लंडमध्ये आंरी नेस्ले याने दूध, साखर आणि भाजलेले गव्हाचे पीठ यांची पूड काढली. १८७३ साली हॉर्लिक बंधूंनी शिकागोत आपला धंदा सुरू केला. त्यांची मोडाच्या धान्याची पूड आरंभी तान्ह्या मुलांसाठी होती. आपल्या घरांत हॉर्लिक्सची बाटली आजाऱ्याच्या उशाशी दिसे, तिचे मूळ असे पाळण्यात आहे. आणि शतक उलटल्यावर, १९८० च्या दशकात, म्हैसूरच्या अन्नतंत्र संशोधन संस्थेत मल्लेशी व देशिकाचार यांनी मोडाच्या नाचणीवर, तर बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी मोडाचे चिमूटभर पीठ घालून साधी पेज सैल करण्यावर संशोधन केले. आजीच्या फडक्यातली गाठ प्रयोगशाळेत सुटली ती अशी.

मग प्रश्न पडतो, की इतकी चांगली, इतकी स्वस्त वस्तू घरात असताना मुले का दगावत होती? उत्तरासाठी परळ-लालबागच्या चाळींत जावे लागेल.

१९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेंहून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हा आकडा ८२८ होता. इतिहासाच्या अभ्यासकाने हे आकडे जसेच्या तसे गिळू नयेत. पुष्कळ बायका बाळंतपणाला घाटावर नाहीतर कोकणात माहेरी जात, जन्म तिकडे होई आणि मृत्यू मुंबईत. शिवाय कितीतरी जन्म नोंदलेच जात नसत. त्यामुळे प्रमाण फुगलेले आहे. पण सगळी वजावट करूनही जे उरते ते भयंकरच आहे.

त्या सुमारास मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या बाईंना गिरण्यांतील स्त्रियांची पाहणी करण्यास नेमले. त्यांचे निष्कर्ष १९२२ साली प्रसिद्ध झाले. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या शंभर मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यांना आढळले. ‘बाळगोळ्या’ या गोंडस नावाने अफूच्या बारीक गोळ्या बाजारात उघड मिळत. आई सकाळी भोंग्याला निघे. मूल चाळीतल्या म्हातारीपाशी, नाहीतर पाच-सहा वर्षांच्या बहिणीपाशी. आई येईपर्यंत त्याने झोपावे, रडू नये, भूक मागू नये, म्हणून गोळी. झोपलेले मूल दूध ओढीत नाही. न ओढलेले दूध आटते. आणि दूध आटले की गोळी वाढते. जायफळाच्या एका वेढ्याची गोष्ट मघाशी सांगितली ती यासाठी. गावाकडच्या आजीची मांडी गेली आणि त्या वेढ्याच्या जागी गोळी आली.

या बायकांना अडाणी, निष्ठुर म्हणणारे लेख त्या काळी पुष्कळ निघाले. त्यांना स्वच्छतेची व्याख्याने देण्यात आली. त्यांतल्या कितीजणी रत्नागिरीच्या, साताऱ्याच्या होत्या. नाचणीला मोड कसे आणावे हे त्यांना व्याख्यात्यांपेक्षा अधिक ठाऊक असणार. पण नाचणीला मोड यायला दोन दिवस लागतात, वाळायला एक, आणि पेज ढवळायला रोज चुलीपाशी बसावे लागते. गिरणीच्या दिवसात ही जागा कुठे होती?

हे ज्यांनी नेमके ओळखले त्यांनी पाककृती सांगितली नाही, रजा मागितली. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. मुंबईच्या कायदेमंडळात असवले यांनी आणलेल्या विधेयकावर २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा काही भार सरकारने उचलला पाहिजे, पण जो मालक तिच्या श्रमावर नफा मिळवितो त्यालाही त्यातून सुटता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली कायदा झाला. या विषयावरचा हिंदुस्थानातला तो पहिला. सात आठवडे: तीन आधी, चार नंतर, मुंबई शहरात दिवसाला आठ आणे. आठ आण्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. एका मजूर बाईला, काम न करता, मुलाला अंगावर पाजल्याबद्दल पगार मिळाला, ही त्या काळी क्रांतीच होती.

पण हे यश निर्भेळ नव्हते. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतले दर पाच कामगारांमागे एक या सुमारास असलेले स्त्रियांचे प्रमाण पुढच्या दशकांत उतरतच गेले. रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे, अशी कारणे अनेक; पण भत्ता आणि पुढे पाळणाघर द्यावे लागते म्हणून बाईच नको, हा हिशेबही त्यांत होता. आईला घरी बसायला वेळ मिळाला खरा. पुष्कळ जणींना तो पगारासकट नव्हे, नोकरीऐवजी मिळाला.

डब्यांच्या दुधाची कहाणी बहुश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९३९ साली सिंगापुरात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी भाषणात या दुधाच्या जाहिरातींना सरळ खुनाच्या पंक्तीला बसविले. आपल्याकडे १९६० च्या सुमारास आणंदच्या सहकारी संघाने म्हशीच्या दुधापासून बालआहार काढला. म्हशीच्या दुधाची पूड होणार नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत असता ती करून दाखविणे हा आमच्या तंत्रज्ञांचा मोठाच पराक्रम होता, आणि ज्या मुलाला खरोखरीच आईचे दूध नाही त्याला तो उपकारक होता, हेही म्हटले पाहिजे. पण डबा महाग; म्हणून चार चमच्यांच्या जागी दोन, आणि पाणी नळाचे नाहीतर विहिरीचे, न उकळलेले. १९७४ साली लंडनहून या व्यवहारावर एक पुस्तिका निघाली, १९७७ साली अमेरिकेत बहिष्कार सुरू झाला, आणि १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने विक्रीची आचारसंहिता ११८ विरुद्ध एक अशा मतांनी संमत केली. ते एक मत अमेरिकेचे. भारताने १९९२ साली स्वतंत्र कायदा केला. डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापण्यास आणि अशा दुधाची व बाटलीची जाहिरात करण्यास त्याने मनाई केली. दुकानातल्या डब्यावर बाळ का दिसत नाही, असे कोणी विचारले तर त्याचे कारण हे.

डबा मागे हटला म्हणून आईचे दिवस वाढले असे झाले नाही. वेळ आणि माणूस यांची गाठ पडली की काय होते याचे उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या संस्थेने ३९ खेड्यांत, गावातल्याच एकेका बाईला शिकवून, बाळंतिणीच्या घरी वारंवार जाण्याचे काम दिले. मुलाला ऊब द्यायची, वजन करायचे, अंगावर नीट लावून पाजवायचे, श्वास आणि जंतुदोष ओळखून उपचार करायचे. पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी ६२ वरून २६ च्या आत आले. १९९९ साली ते प्रसिद्ध झाले आणि पुढे देशभरच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली. सकाळी मुलाला मांडीवर घेऊन निरखणारी आजी येथे पुन्हा भेटते, फक्त तिच्या हातात आता तराजू आणि तापमापक आहे.

१९६१ च्या केंद्रीय कायद्याने बाळंतपणाची रजा बारा आठवडे झाली. २०१७ च्या दुरुस्तीने ती सव्वीस आठवड्यांवर गेली. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. मनूचे, सुश्रुताचे आणि जागतिक आरोग्य संघटनेचे सहा महिने एकदाचे पगारपत्रकात आले. ते आले कार्यालयांत, बँकांत, मोठ्या कारखान्यांत. शेतमजुरीला, घरकामाला जाणाऱ्या बाईसाठी त्याच वर्षी एक योजना निघाली. पहिल्या मुलासाठी पाच हजार रुपये, तेही हप्त्यांनी.

आणि आपल्या महाराष्ट्रात आणखी एक सहा महिन्यांचा हिशेब आहे. दिवाळीच्या आगेमागे बीडकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांपैकी एकाने खाडा केला की पैसे कापले जातात. पहाटे अंधारात फड गाठायचा असतो. कोपीत तीन दगडांची चूल असते. नाचणी नाहीतर बाजरी तीही करू शकते, कशी करायची ते तिला आईने शिकविलेले असते. मूल बरोबर येते. फडाच्या कडेला दोन बांबू उभे करून, जुन्या लुगड्याची झोळी बांधून, त्यात ते ठेवतात, आणि पाचट ओढणारी मोठी बहीण अधूनमधून येऊन झोका देऊन जाते.